आवाज आधी, ओठ मागून

पक्षाघाताचा झटका येऊन गेला, हातपाय सावरले, पण बाबांची जीभ रुसली ती रुसलीच. जन्मभर बुटांच्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकं पटवलेला माणूस. पायाकडे नुसतं बघून माप सांगायचे आणि बोलता बोलता दुसरा जोडही गळ्यात मारायचे. आता 'पाणी' म्हणायला गेले की तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं, आणि ते त्यांचं त्यांना ऐकू यायचं, हीच खरी पंचाईत. मग त्यांनी बोलणंच सोडलं. बाहेर पडणंही सोडलं. दाराची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जायचे.

घरात ते, मुलगा आणि सून. मुलगा मालाच्या ट्रकवर, निम्मा महिना रस्त्यावरच. त्यामुळे घराचा सगळा भार सूनबाईवर. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. बाबांना पुन्हा बोलतं करायचं हे तिनेच मनावर घेतलं आणि विचारत विचारत दूरच्या शहरातली एक थेरपिस्ट गाठली. बाई मोठी गोड. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली की टॅबलेटच्या पडद्यावर यायची आणि सांगायची, माझ्या ओठांकडे बघा, मी करते तसे ओठ करा.

इथेच घोडं अडलं. घरातलं नेट असं, की आवाज आधी यायचा आणि ओठ मागून हलायचे. थेरपिस्टचा 'पा' कानावर पडायचा तेव्हा पडद्यावर तिचे ओठ अजून मिटलेलेच असायचे. बाबा गोंधळून जायचे. एकदा तर चित्र पार थिजलं आणि तिचा आ तसाच उघडा राहिला. बाबांनीही शहाण्या मुलासारखा आ केला आणि पुढचं सांगेपर्यंत तसाच धरून बसले. सूनबाईला आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी टॅबलेट उपडा घातला.

नेटच्या कंपनीला फोन केला की एकच उत्तर यायचं, नेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करा. तो बंद-चालू करून तिची बोटं झिजली. कंपनी बदलायचीच, असं तिने ठरवलं. नवऱ्याने रस्त्यावरूनच फोनवर सल्ला दिला की ती मोठी कंपनी घे, जिचे फलक चौकाचौकात लागलेत, वर सिनेमेही फुकट देतात. त्या कंपनीचा माणूस घरी आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात स्पीडचे आकडे. सूनबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समोरच्या बाईला आमचे बाबा कसे दिसतील?"

"मॅडम, तुम्हाला सगळं एकदम स्वच्छ दिसेल."

"मला नाही हो. तिला दिसायला हवं."

तो पुन्हा आकड्यांवर गेला.

दुकानात ती रोज बघायची, नंबर कागदावर कितीही बरोबर असो, माणसाच्या डोळ्यावर काच लावून बघेपर्यंत काही खरं नसतं. मग नेट तरी न बघता का घ्यायचं? ज्यांच्याकडे ज्या कंपनीचं नेट आहे त्यांच्या घरी बाबांना न्यायचं, तिथेच थेरपिस्टला बोलवायचं आणि मग ठरवायचं. खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. तिच्याकडे मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं आणि ती लगेच हो म्हणाली. अवघड गेलं ते बाबांना घराबाहेर काढणं. कुणाशी एक अक्षर बोलू नका, नुसते बसा, असं तिने कबूल केल्यावर ते निघाले. टोपी कपाळावर ओढून, कठड्याला धरत, चोरासारखे जिना उतरले.

सुरुवात झकास झाली. पण अंधार पडला, इमारतभर टीव्ही लागले, आणि थेरपिस्ट म्हणायला लागली की बाबा मला तुकड्यातुकड्यांनी दिसतायत. दिवसा लोण्यासारखं चालतं, नर्स म्हणाली, संध्याकाळीच असा घोळ होतो. पण सूनबाईला तर संध्याकाळच मोकळी.

तिसरी कंपनी होती ती अगदी छोटी, मागच्या गल्लीतली. तिची तार ओळखीतल्या एकाच घरात होती, शेजारच्या कप्तानांकडे. कप्तान हे त्यांचं नाव नव्हे. सगळ्या इमारतीला हुकूम सोडायची सवय, म्हणून लोकांनी ठेवलेलं. ते आणि बाबा एकेकाळचे कॅरमचे जोडीदार. मग दोघांच्या मधल्या भिंतीला ओल आली. गळका नळ तुझा की माझा यावरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं तुटलं. बाबांचा झटका त्यानंतरचा.

सूनबाईने मन घट्ट करून बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं. तिने आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "काका, तुमचं नेट बघायचंय. बाबांना घेऊन येऊ का?"

कप्तान बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. "मीच यायला हवं होतं," ते म्हणाले. "उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. घेऊन ये त्याला."

बाबांनी मात्र नकाराची मान हलवली ती थांबवेनातच. सूनबाईने आग्रह केला नाही. एवढंच म्हणाली, "बरं निघालं तर घेऊ. भिकार निघालं तर तुम्ही त्यांच्या तोंडावर तसं दाखवून या." बाबा टोपी शोधायला उठले.

कप्तानांच्या टेबलावर टॅबलेट उभा केला. थेरपिस्ट आली आणि तिचा आवाज आणि ओठ बरोबरच आले. ती पुढे वाकून बघतच राहिली. "आज पहिल्यांदा तुम्ही मला अख्खे दिसताय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तोंडाचा उजवा कोपरा मागे राहतोय. इतके दिवस मला कळलंच नाही. तिथे बोटाने आधार द्या बरं." बाबांनी बोट लावलं. आधी नुसती हवा निघाली. मग 'पा' निघाला, चांगला ठसठशीत. मग पुन्हा पुन्हा प्रयत्न करून, घामाघूम होऊन, ते म्हणाले, "पाणी."

कोपऱ्यात बसलेले कप्तान उठले आणि पेला भरून घेऊन आले. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, कप्तानांकडे पाहिलं, आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

निघताना बाबा भिंतीपाशी थांबले. तोंडाला बोट लावून म्हणाले, "ओ... ल."

"आहे अजून," कप्तान म्हणाले. "तुझ्याच नळाची."

बाबांनी जोरात मान हलवली. "तु... झ्या."

मग दोघंही हसायला लागले. कप्तानांना तर खुर्चीला धरावं लागलं.

सूनबाईने छोटी कंपनीच घेतली. ती चालवणाऱ्या बाईने आधीच स्पष्ट सांगितलं होतं की सिनेमे फुकट मिळणार नाहीत आणि सोसाट्याचा वारा सुटला तर तार कधीमधी दगा देईल, पण दुरुस्तीला मी स्वतः येईन. नवऱ्याने सिनेम्यांबद्दल थोडी कुरकुर केली. नवी तार गच्चीवरून कप्तानांच्या गॅलरीतून आली. ती कुठून कशी वळवायची याचे हुकूम देऊन कप्तानांनी तारवाल्याला भंडावून सोडलं.

पुढे एका दुपारी सूनबाई दुकानात एका बाईच्या नाकावर फ्रेम नीट बसवत असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल, बाबांचा. त्यांनी आजवर आपणहून कधी केला नव्हता. तिने घाईने उचलला. पडद्यावर नुसतं कपाळ आणि भुवया. मग एक बोट आलं, तोंडाच्या कोपऱ्याशी टेकलं.

"कि... ल्ली."

"किल्ली? कशाला हवी, बाबा?"

ते काही बोलायला गेले, जमेना, तेव्हा त्यांनी फोन खाली वळवला. पायात बूट होते, पॉलिश केलेले. मागे उघड्या दारात कप्तान ताटकळत उभे.

"दारामागच्या खिळ्याला आहे," ती म्हणाली. "सावकाश जा."

फोन बंद करायचं बाबांच्या लक्षातच राहिलं नाही. पडद्यावर घराचं छत दिसत होतं आणि आवाज येत होते, कप्तान कुठला खिळा म्हणून विचारत होते, बाबा तुटक तुटक काहीतरी सांगत होते. गिऱ्हाईक बाईने हलकेच विचारलं, सगळं ठीक आहे ना.

"हो," सूनबाई म्हणाली. "आमचे बाबा बाहेर निघालेत."