बॉनेटखालची कणीक

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकलं की मला आधी मळमळतं आणि मग राग येतो. त्या रविवारी दोन्ही एकदमच झालं.

हे गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तीन वर्षांपासून किट कार बनवतायत. म्हणजे सुट्या भागांच्या पेट्या मागवायच्या आणि गाडी घरीच जुळवायची. गाडी उभी राहिली, पण गॅरेजचा उकिरडा झाला. चहाच्या कपात नटबोल्ट, नटबोल्टच्या डब्यात अर्धं खाल्लेलं बिस्किट, आणि हात पुसायला स्वतःचा जुना मोजा. तोच मोजा कपाळावरून फिरवताना मी त्यांना पाहिलंय. शी! मी वीस वर्षं फिटर आहे. माझ्या टेबलावर सकाळी ठेवलेला पाना संध्याकाळी तिथेच सापडतो.

मला बोलावलं होतं बहिणीनं. दुसऱ्या दिवशी गाडी तपासणीला न्यायची होती, डोंगर उतरून चाळीस किलोमीटर, आणि चालवणार होती ती. "दादा, तू एकदा बघ. तू हो म्हणालास तरच मी त्यात बसणार," असं तिनं फोनवर बजावलं होतं.

मास्तरांनी इंजिनवर नवा इनटेक बसवला होता. इंजिनाला हवा पोचवणारा हा नळ्यांचा जोड जुन्यापेक्षा चांगलाच उंच होता. प्रश्न एवढाच, की तो वर बॉनेटला लागतो का. इंजिन सुरू झालं की रबरावर हलतं, त्यामुळे मध्ये बोटभर तरी जागा हवी. ती मोजायला इनटेकवर कणकेचे गोळे ठेवायचे, बॉनेट बंद करायचं, उघडायचं आणि गोळा किती दबला ते बघायचं.

मास्तरांनी गोळे बुधवारी ठेवले. मग परीक्षेचे पेपर तपासायला आले आणि स्वारी विसरून गेली. आज बॉनेट उघडलं तर आत हिरवी बुरशी, आंबूस वास आणि मुंग्यांची रांग.

"दादा, गोळे तेवढे राहू द्या हं, मोजायचेत अजून," असं म्हणून मास्तर स्कूटरवरून वायसर आणायला गेले.

राहू द्या म्हणे! नाकाला रुमाल लावून मी पत्र्याच्या तुकड्यानं सगळं खरवडलं आणि कचऱ्यात फेकलं. गोळे चपटे होते की जाड, बघितलं कोणी? इनटेक चकाचक पुसला. बॉनेट लावलं, तर छान बसलं, कुठे आवाज नाही. माझ्या नजरेला जागा भरपूर वाटली.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर वाजली. आता मास्तर विचारणार, गोळे कुठेयत, मोजलं का. त्यांच्यापुढे मी चुकलो म्हणायचं? त्या मोज्यापुढे? स्वयंपाकघरात बहीण कणीक मळत होती. तिच्या परातीतून लिंबाएवढी उचलली, अंगठ्यानं दाबून बोटभर जाडीची केली आणि बाहेर आलो.

"ती घाण काढून टाकली आणि ताजा गोळा ठेवून मोजलं," मी म्हणालो. "हा बघा. बोटभर जागा आहे."

बहीण पिठाच्या हातांनी दारात आली. "दादा म्हणतोय ना? मग झालं!" म्हणाली आणि उद्याची कागदपत्रं काढायला आत पळाली.

मास्तरांनी गोळा उलटसुलट करून पाहिला. मग बॉनेट उघडून त्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. बॉनेट फायबरचं; ते आतून खरखरीत असतं, गोणपाटासारखं विणलेलं.

"दादा," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यावर वीण उठली नाही. तुमचा अंगठा उठलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी त्या गोळ्याचे दोन केले, इनटेकवर दोन जागी ठेवले, बॉनेट बंद करून उघडलं. एक गोळा जवळजवळ तसाच होता. दुसरा, इनटेकवरून जाणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या दांडीवरचा, मात्र इतका दबला होता की मधून लोखंड दिसत होतं. बरोबर त्याच्यावर बॉनेटची आडवी पट्टी येत होती.

"दांडी इथे अडकली असती," मास्तर म्हणाले. "पाय काढला तरी गाडी पळतच राहिली असती."

डोंगराचा उतार आणि स्टिअरिंगवर माझी बहीण.

ती फाइल घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

मी तोंड उघडणार, तोच मास्तर म्हणाले, "उद्याचं रद्द. दांडी वर लागतेय. दादांनी पकडलं."

"बघा!" ती त्यांच्यावर उखडली. "तुमच्या भरवशावर राहिले असते तर जिवाला मुकले असते. म्हणून तर दादाला बोलावलं!"

मास्तरांनी खिशातून मोजा काढून कपाळ पुसलं आणि पाना शोधायला लागले. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ते गिळलं. स्वतःची जेवढी किळस आली तेवढी त्या बुरशीचीही आली नव्हती.

"दादा, हात धू बघू आधी," बहीण लाडानं म्हणाली. "नखांत कणीक वाळलीय. तुला घाण चालत नाही ना?"

मी नळाकडे गेलो.