वाळल्या गवतासाठी परत आलेली पलटण

जावई म्हणून झेनसच्या शंभर खोडी केझायाने पोटात घातल्या होत्या. पण इंग्लंडच्या राजाची फौज डोंगरापलीकडे येऊन ठेपलेली असताना गावच्या पलटणीच्या ह्या कॅप्टनने अख्खी पलटण घेऊन घरी यावं, बंदूक दाराला टेकवावी, आणि वर विचारावं, "आई, खायला काही आहे का?" ह्याला काय म्हणायचं!

"आहे की," केझाया म्हणाली. "शेण आहे. वाढू का, जावईबापू?"

चुलीपाशी उभ्या थर्झाने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. आईच्या तोंडाचा पट्टा सुटला की मध्ये पडायचं नाही, हे ती लहानपणीच शिकली होती.

"भरतीची मुदत संपली, आई," झेनस टोपी हातात चुरगाळत म्हणाला. "मंडळींनी हात वर केले. बहुमत घरी यायचं पडलं. मी काय करणार?"

"मग तुम्ही कॅप्टन कशाला? हात मोजायला?"

अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या त्या खोऱ्यात पलटण आपला कॅप्टन आपणच निवडत असे, आणि कॅप्टनने उठता बसता पलटणीला विचारावं अशी रीत होती. झेनसला निवडला होता तो शूर म्हणून नव्हे. त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे, म्हणून.

"कुरणातलं गवत उभं आहे," तो म्हणाला. "आता कापून वाळवलं नाही तर हिवाळ्यात गुरं मरतील."

"आणि राजाचे भाडोत्री जर्मन आले की गुरं हिवाळ्यापर्यंत उरतील होय? अहो, ते येतायत कशाला? आपलं पीठ, आपली घोडी, आपली गुरं न्यायला! वर नदीकाठी त्यांची थोरली फौज उपाशी बसलीय. तिला आपल्या पिठावर पोसली की ती सगळ्या वसाहती तुडवत जाईल. मग बसा त्या स्वातंत्र्याची राख फुंकत!"

झेनसने दारातून कुरणाकडे पाहिलं.

"गवत कापून झालं तर लढायला येतील तुमचे लोक?"

"येतील. पण इतक्या लवकर कापणार कोण?"

केझायाने भिंतीवरचा लांब दांड्याचा विळा काढला आणि ती तरातरा निघाली. थर्झा हातातली पळी टाकून मागोमाग. दारोदार हाका मारत त्यांनी खोऱ्यातल्या सगळ्या बायका गोळा केल्या. विळे, दाताळी, जे हाती लागेल ते. पण केझाया स्वतःच्या कुरणात गेली नाही. घरी चला म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता तो जेबेझ पिनी. ती त्याच्या कुरणात घुसली.

जेबेझ धावत आला. "केझायाकाकू! माझ्या गवतात काय चालवलंय?"

"का रे? तुझी गाय पुरुषांनी कापलेलंच गवत खाते?"

बायका खो खो हसल्या. विळे सपासप चालू लागले, गवत आडवं पडू लागलं. कुंपणापाशी पुरुष जमले. थोडा वेळ नुसते पाहत राहिले, मग एकेकाला लाज वाटली. कुणी बायकोच्या हातातून विळा घेतला, कुणी शेजारच्या कुरणात शिरला. एरवी आठवडाभर रेंगाळणारं काम, पण खोरंच्या खोरं ईर्ष्येला पेटलं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत शेवटचं कुरण मोकळं झालं.

"वाळवणं आमच्याकडे," केझाया म्हणाली. "आता घ्या हात मोजून!"

पहिला हात जेबेझचा वर गेला. करतो काय बिचारा, बायको शेजारी दाताळं घेऊन उभी होती!

पलटण निघाली ती तशीच, सदऱ्यांच्या बाह्या वर सारून, केसांत गवताच्या काड्या. मागून केझायाची बैलगाडी. गाडीत दारूगोळा, भाकरी आणि सफरचंदाच्या दारूचं पिंप.

डोंगराच्या खांद्यावर पोचतात तो खाली बंदुकांचा नुसता कडकडाट! शेजारच्या गावांचे लोक समोरून भिडले होते. टेकाडावर जर्मनांची तोफ धूर ओकत होती आणि आपली माणसं पटापट पडत होती. झेनसची पलटण आली ती नेमकी तोफेच्या पाठीशी. तिकडच्या पहारेकऱ्याने पाहिलं, हात हलवला आणि तोंड फिरवलं. ना लष्करी डगला, ना निशाण. राजाच्या बाजूचे शेतकरीच मदतीला आले, असं वाटलं त्याला.

"झेनस, आता काय?" जेबेझ कुजबुजला. "विचार ना सगळ्यांना."

झेनसने मागे वळून पाहिलं. सवयीने त्याचं तोंड उघडलं. गाडीवरून केझाया पाहत होती आणि तिच्या हातातला कासरा घामाने ओला झाला होता. विचारत बसला असता तर पहारेकरी पुन्हा वळला असता, आणि सगळं संपलं असतं.

"विचारायचं नाही!" झेनस गरजला. "माझ्यामागे या!"

आणि तो धावला! एकटाच. क्षणभर कुणी हललं नाही. मग जेबेझ आरोळी ठोकत सुटला आणि त्याच्यामागे सगळे, टेकाडावर, धुरात! जर्मन वळले, पण मांड्यांपर्यंत चढवलेल्या त्या अवजड बुटांत धावणार कसे? एक तर चिखलात बूट सोडून अनवाणी पळाला. केझाया गाडीवर ताठ उभी राहून ओरडत होती, "सोडू नका! एकालाही सोडू नका!" धूर विरला तेव्हा तोफेवर झेनस चढून बसला होता.

पीठ वाचलं, घोडी वाचली. वरची थोरली फौज भुकेने रडकुंडीला आली आणि शरदात झाडांची पानं लाल झाली तेव्हा तिने अख्खीच्या अख्खी शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर युद्ध आणखी काही वर्षं चाललं, पण राजा हरू शकतो हे दरीदरीतल्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी राजाने हात टेकले, वसाहती सुटल्या.

पण त्याआधी, थोरल्या फौजेच्या त्या शरणागतीनंतर झेनस घरी आला तो बाहेरच घुटमळत राहिला. दाढी वाढलेली, खांद्याला पट्टी.

"आई, त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही," तो म्हणाला. "आपले दोघं गेले त्यात. लोक म्हणतात, हा कॅप्टन झाला की राजा?"

केझायाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दार पूर्ण उघडलं.

"त्या दोघांच्या घरी आज संध्याकाळी तू जाशील, मी बरोबर येईन. आणि ऐक, झेनस. माझी थर्झा तुला दिली तेव्हा मी रात्रभर रडले होते. ते रडणं फुकट गेलं. ये आत."