तिकटीवरचा उतारा

'तिकटी' हा गेम येणार, येणार म्हणून कोल्हापुरातल्या पोरांनी इतकी वर्षं वाट पाहिली की त्यांतल्या काहींची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली. दर दिवाळीला नवा ट्रेलर यायचा. ओसाड गाव, अमावस्या, कुऱ्हाड घेतलेला पैलवान, विहिरीतून वर येणारे केस, आणि शेवटी 'आपल्या मातीतली भीती' अशी लालभडक अक्षरं. दिवाळी सरली की गेम पुढे ढकलल्याचा निरोप. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे आणि पुन्हा वाट बघायचे. क्रांती मात्र वेगळ्याच कारणासाठी थांबली होती. गेम येऊ दे, त्याचे भर चौकात वाभाडे काढते, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

तिला तसा हक्कही होता. गेम मुळात दोघांनी सुरू केलेला, तिने आणि राजवर्धनने, मंगळवार पेठेतल्या त्याच्या घराच्या माडीवर. मग पुण्याहून पैसेवाले आले आणि राजवर्धनने एका फोनवर तिला बाजूला काढलं. "तुझं गावठी डोकं त्यांना झेपंना," एवढंच म्हणाला. नालायक माणूस. तेव्हापासून क्रांती यूट्यूबवर गेम खेळून दाखवायची आणि तिखट तोंडाने त्यांची सालटी काढायची. ती कुणाची भीडभाड ठेवत नाही, जे असेल ते सांगते, म्हणून लोक तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचे. तिच्याकडे उरलं होतं ते एवढंच, आणि आज गेम अखेर आल्यावर नेमकं तेच पणाला लागलं होतं. गेम चांगला निघाला तर चांगला म्हणावं लागणार होतं, आणि राजवर्धनच्या गेमला चांगलं म्हणण्यापेक्षा तिने मूठभर मिरच्या कच्च्या खाल्ल्या असत्या.

रविवारी दुपारी शाहूपुरीतल्या खिजरच्या गेम पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिजरने भिंतभर पडदा लावला होता, कॅमेरा सुरू होता, घरोघरी लोक मोबाइल धरून बसले होते. क्रांतीने कंट्रोलर हातात घेतला आणि त्याच वेळी कडक इस्त्रीच्या शर्टातला राजवर्धन दारातून आत आला.

"तुला कुणी बोलावलं?" ती म्हणाली.

"माझा गेम हाय. बघाय आलोय."

"बघ की. पण तोंड उघडलंस तर बाहेर."

सुरुवातच तिच्या मनाविरुद्ध झाली. गेम चांगला होता. वाडीतला अंधार खरा वाटत होता, कुत्री रडत होती ती आपल्याच गल्लीतली वाटत होती, आणि पैलवानाने शड्डू ठोकून एका खवीसाला धोबीपछाड घातली तेव्हा मागच्या पोरांनी पार्लर डोक्यावर घेतलं. क्रांती चुका हुडकत होती आणि सापडत नव्हत्या. तिचं तोंड कडू झालं.

मग तिकटी आली. तीन वाटा मिळतात तिथे मधोमध पत्रावळीवर दहीभात, नारळ, हळदीकुंकू लावलेलं लिंबू, काळी बाहुली. क्रांती क्षणभर थांबली. हा उतारा तिचा होता. माडीवर तिनेच सुचवलेला: बगल देऊन जाईल त्याला काही होत नाही, हात लावेल त्याच्या मागे मात्र लागतं. म्हणजे तिला हाकललं तरी तिचा उतारा त्याने ठेवला होता तर. नको नको म्हणताना तिला बरं वाटलं. तिने पैलवानाला कडेकडेने पुढे नेलं. मागे उभ्या असलेल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. रस्त्यात दिसला असता तर तेही तसेच गेले असते.

पुढच्या वळणावर हडळ आली आणि पैलवान मेला. तिकटीपासून पुन्हा सुरू झाला, पुन्हा मेला. अंगात जीव भरून घ्यायला आसपास काही म्हणता काही नव्हतं. क्रांतीच्या चेहऱ्यावर दुपारपासून पहिल्यांदा हसू आलं.

"बघा मंडळी!" ती कॅमेऱ्याकडे वळली. "इतकी वर्षं घासली, आणि पैलवानाला चतकोर भाकरी द्यायची अक्कल न्हाय!"

"समोर हाय की!" राजवर्धनला राहवलं नाही. "दिसत न्हाय व्हय? नारळ उचल, खा. दहीभात खाल्ला की जीव पूर्ण भरतोय!"

मागच्या पोरांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"भावा," खिजर हळूच म्हणाला, "उतारा खायचा?"

"गेम हाय रे. पुण्यात सगळी खात्यात. बंगळूरच्या पोरांनी तर टेस्टिंगला बघितल्या बघितल्या उचलला."

"आमच्यातबी कोण त्याला हात लावत न्हाय," खिजर म्हणाला.

क्रांतीची कानशिलं तापली. उतारा ठेवला नव्हता, नासवला होता. "काय ठरलं होतं आपलं? हात लावंल त्याच्या मागं लागतंय. तू त्याचा जेवणाचा डबा केलास!"

"लोकांना कळत नव्हतं. सोपं कराय लागलं."

"कुठल्या लोकांना?" ती उठली आणि कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला. "घे. तू खा. आमच्या म्होरं खा."

राजवर्धन हसला. पैलवानाला त्याने सराईतपणे उताऱ्यापुढे उभं केलं. पडद्यावर 'खाण्यासाठी दाबा' अशी अक्षरं आली. पुण्यातल्या ऑफिसात दुसऱ्या हातात कॉफीचा कप धरून त्याने हे बटण कितीदा दाबलं असेल. पण इथे त्याच्या मागे त्याच्याच मंगळवार पेठेतली पोरं उभी होती. एकाने तर पडद्यावरून नजर काढून घेतली. राजवर्धनचा अंगठा बटणावर होता, आणि तो खाली जाईना. तो नुसता बघत राहिला, आणि मागून आलेल्या हडळीने पैलवानाचा गळा धरला.

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. "उद्या काढून टाकतो उतारा," तो पुटपुटला.

"उतारा ऱ्हाऊ दे. खायचं बटण काढ."

आता हाणायची वेळ होती. शब्द क्रांतीच्या ओठावर आले होते, धार लावून ठेवलेले, आणि ऐकायला सगळे टपले होते. पण तिने जे पाहिलं ते पाहिलं होतं. त्या हडळीचा केस न् केस ज्याने घडवला, त्याच माणसाचं बोट हललं नव्हतं. खोटं बोलावं तर आपणच आपल्या शब्दाला मुकणार. तिला त्याचा भयंकर राग आला, तिला हे बोलायला लावतोय म्हणून आणखीच.

"ऐका," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "थांबलासा ते वाया गेलं न्हाय. गेम खरंच भीती घालतोय. ज्यानं केलाय त्याचीच तंतरली, तुम्ही बघितलं. घ्या आणि खेळा."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. राजवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पुढे झाला. "क्रांते, मला वाटलं तू..."

"गेमचं सांगून झालं," क्रांती म्हणाली. "खिजर, कॅमेरा बंद कर आणि सगळ्यांना बाहेर काढ. आता ह्याचं सांगायचं हाय."