आवडाबाईंच्या चिपळ्या

आठ महिने राबून मंजुषानं गायकांच्या वायरलेस माइकसाठी काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड बनवला होता, आणि आज त्याचा निकाल होता. निकाल देणार कोण, तर सकाळच्या एसटीनं कन्नडहून आलेल्या भारूडवाल्या आवडाबाई! त्यांना पसंत पडला तर बोर्ड कारखान्यात जाणार. नाही तर मालक इंद्रजीत सर बाहेरून तयार माल मागवणार, आणि मंजुषाचे आठ महिने पाण्यात. पण ही फुलंब्रीची पोरगी घाबरेल तर शपथ!

आवडाबाईंनी तो बोर्ड बसवलेली डबी कमरेला अडकवली, कानात इअरफोन घातला, चिपळ्या उचलल्या. पहिलीच ओळ घेतली आणि थांबल्या.

"माझा आवाज माझ्या मागून येतोय गं. चिपळी हातात आधी वाजती, कानात मग. असं कसं गावं मानसानं?"

"मीटरवर तर आवाज एकदम स्वच्छ दिसतोय," इंद्रजीत सर म्हणाले.

"मग मीटरलाच गाऊ द्या की!"

मंजुषाला हसू आलं आणि स्वतःचा रागही. आठ महिने अख्ख्या ऑफिसनं त्या माइकात ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ एवढंच म्हटलं होतं. ताल धरला होता का कुणी? उशीर कुठं होतोय ते तिला लगेच कळलं. खरखर गाळायला चिप आवाज क्षणभर अडवून धरायची, मग पुढं सोडायची. सरांचा तोच लाडका भाग. बॅटरीही तोच खायचा.

"मावशी, चहा होईस्तोवर थांबा. सर, मी ती गाळणी काढून टाकते."

"अगं, खरखर ऐकू येईल! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक समोरच बसलंय, सर."

लॅपटॉपवर तिनं तो भाग बंद करून टाकला.

आवडाबाईंनी चिपळी वाजवली. एकदा, दोनदा, मग जलद. डोळे मिटून त्यांनी असा आवाज लावला की शेजारच्या शेडमधली माणसं काम टाकून दारात आली. भारूड पुरं झाल्यावरच त्या थांबल्या.

"खरखर येते का?" सरांनी विचारलं.

"येती की. जत्रंत पोरं रडत्यात, भोंगे वाजत्यात, तिथं तुमची खरखर कोण ऐकतंय? पर आता चिपळी माझ्या हातातच वाजती बघा."

सरांनी मीटर पाहिलं. बॅटरीचा खर्च निम्म्यावर आला होता. "राहू द्या तो बाहेरचा माल," ते म्हणाले.

मंजुषानं डबी परत घ्यायला हात पुढं केला, तर ती आवडाबाईंच्या पिशवीत गेलेली.

"मावशी, अहो, एकच आहे ती!"

"मग दुसरी कर. तुला येतंय."