कडूबाचं शेवटचं कडवं

संघपाल गावात येऊन तीन दिवस झाले होते आणि पहिल्या दिवसापासून बेबीनंदाला त्याचा भरवसा नव्हता. सख्ख्या दिराचा पोरगा, हिच्याच मांडीवर वाढलेला, तरी नव्हता. भोकरदनला दहावी करून तो संभाजीनगरला गेला, तिथून पुण्याला, अन् पुण्याहून थेट हॉलंडला. बारा वर्षं तिकडे राहून म्हणे संगीतकार झाला. आता संगीतकार म्हटला की पेटी हवी, ढोलकी हवी, गेला बाजार टाळ तरी हवेत. याच्याकडे एक कॉम्प्युटर आणि गाडीभर स्पीकर! लोकांना अंधारात मधोमध बसवायचं आणि चहूबाजूंनी चाळीस स्पीकरांतून आवाज फिरवायचा, याला तिकडे मोठा मान होता.

"कसला रं ह्यो धंदा?" तिने विचारलं होतं.

"मोठी माय, आवाज कुठून येतो, ते बी गाण्यातच धरायचं असतं," तो म्हणाला. आणि लगेच कामाचं बोलला, "मोठ्या बाबाची कॅसेट देती का? वैशाखी पौर्णिमेला विहारात त्याचं गाणं ऐकवायचंय. मंग बाहेरच्या देशात बी."

हं! आलं ना पोटातलं ओठावर!

कॅसेटचं नाव काढलं की बेबीनंदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि का होऊ नये? तिचा नवरा कडूबा गायन पार्टीचा गायक. रचायचा स्वतः, गायचा स्वतः. रचणाऱ्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही पार्टीची जुनी रीत. तीस वर्षांपूर्वी शहरातला एक कॅसेटवाला आला, गोड गोड बोलला, गाणं भरून घेऊन गेला. कॅसेट बाजारात आली तेव्हा नावाचं कडवं कापलेलं आणि वेष्टनावर भलत्याचंच नाव. कडूबाने त्या दिवसापासून चारचौघांत तोंड उघडलं नाही. मरेपर्यंत नाही. पूर्ण गाणं उरलं ते फक्त एका घरगुती कॅसेटवर, विहारात त्याआधी कधीतरी टेपरेकॉर्डर लावून भरलेलं. ती कॅसेट बेबीनंदाने लुगड्याच्या घडीत जपली होती. नवऱ्याचं नाव नवऱ्याच्याच आवाजात, जगात तेवढ्या एकाच जागी होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची गिरिजाबाई धापा टाकत आली. "बेबे, तुझा पुतण्या विहाराचं दार लावून फुगे फोडून राह्यला!"

"फुगे?"

"बिलकुल. एक कोपऱ्यात, एक दारापाशी. फट्‌कन फोडतो, अन् मंग चूप उभा राहतो, कानाला डबडी लावून."

बेबीनंदा जाऊन उभी राहिली. संघपाल हसला. पत्र्याखाली आवाज कसा घुमतो ते फुग्यानं कळतं, म्हणाला. मोठे बाबा इथंच गायचे ना, तोच घुमारा गाण्याला द्यायचाय. तिने मान हलवली, पण मनात म्हणाली, चाळिशीचा घोडा, फुगे फोडतो अन् मला शिकवतो! यात काहीतरी काळंबेरं आहेच.

तरी नाही म्हणवेना. गाणं लुगड्याच्या घडीत सडण्यापरीस लोकांनी ऐकलेलं बरं, हेही तिला कळत होतं. मग तिला युक्ती सुचली. दुपारी घरात कोणी नसताना तिने जुना टेपरेकॉर्डर काढला, सेल घातले. गाणं ऐकत बसलं तर रडू फुटेल, म्हणून पट्टी न ऐकताच पुढे पळवली आणि गाणं संपलं असेल अशा अंदाजाने थांबवली. लाल बटण दाबून ठसक्यात बोलली, "हे गाणं माझ्या मालकाचं हाये. कडूबाचं. कोणाच्या बापाचं न्हाई!" आता कर म्हणावं चोरी. त्या तोऱ्यात बटण बंद करायला मिनिटभर उशीरच झाला.

कॅसेट तिने संघपालच्या हातात आपटली. "शेवटचं कडवं तोडलंस तर बघ."

"एक शब्द तोडणार न्हाई, मोठी माय."

आणि त्यानंतर हा गडी तोंड चुकवायला लागला! जेवायला बसला की ताटात बघायचा. "झालं का गाणं?" विचारलं की "हो, होऊन राह्यलंय," म्हणून उठायचा. पोटात पाप असल्याशिवाय माणूस असा वागतो का? बेबीनंदाने ठरवून टाकलं, पौर्णिमेला नावाचं कडवं आलं नाही, तर भर विहारात उभं राहून याची लाज काढायची.

पौर्णिमेला वंदना झाली. सगळी वस्ती मधोमध बसली, भोवती आठ स्पीकर. आणि कडूबा गायला लागला. पुढून नाही, दाराजवळच्या खांबापासून! तिथेच तो बसायचा, बरोबर तिथेच. ढोलकी डावीकडून, टाळ्या बायकांच्या बाजूने, आणि वर तोच पत्र्याचा घुमारा. गिरिजाबाईने चटकन मागे वळून पाहिलं. तिसरं कडवं झालं. आता नावाचं. ती गुडघ्यावर हात देऊन अर्धी उठली.

खट्‌ वाजलं. आणि तिच्या अगदी कानाशी, जिथे ती बसली होती तिथूनच, तिचाच चिरका आवाज आला, "हे गाणं माझ्या मालकाचं हाये. कडूबाचं. कोणाच्या बापाचं न्हाई!"

मग नुसती खरखर.

संघपाल जवळ येऊन बसला. "मोठी माय, तू त्याच पट्टीवर बोललीस. खालचं कडवं पुसलं गेलं. लई शोधलं म्या, न्हाई सापडलं. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई."

अर्धी उठलेली बेबीनंदा खाली बसली. कॅसेटवाल्याने कापलं ते बाजारातलं. घरातलं तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. ज्या पोराला आठ दिवस चोर समजली, त्याने तिचा एक शब्दही तोडला नव्हता. तिने पदराने तोंड पुसलं आणि कधी चारचौघांत न गायलेली ती बाई म्हणाली, "पुन्हा लाव. कडवं मला येतं."

संघपाल धावत माइक घेऊन आला. तिने हळूच म्हणून पाहिलं,

"कडूबा सांगे तुला, नको विसरू बात,
लेकीच्या हाती दे अक्षराची वात."

"असंच, मोठी माय. आता भरून घेतो." त्याने बटण दाबलं. माइकपाशी लाल दिवा लागला आणि बेबीनंदाने दचकून त्याचा हात धरला.

"थांब रं संघा," ती म्हणाली. "यानं आधीचं पुसलं तर जाणार न्हाई ना?"