हरिबाच्या आवाजाचा परवाना

हरिबाला जाऊन चार महिने झाले होते, आणि भर दुपारी निर्ण्याच्या शिवारात तो नागूबाईला हाका मारत होता.

"ए नागू! ऊठ गं, हरणं शिरली बघ!"

नागूबाईच्या हातातलं खुरपं गळालं. हाक शेजारच्या बंडेप्पाच्या हरभऱ्यातून आली होती. थोड्या वेळानं ओढ्यापलीकडून आली, मग चिटगुप्प्याच्या रस्त्याकडून. नवरा एक, तीन शेतांत ओरडतोय, आणि स्वतःच्या शेतात मात्र नाही. 

यात भुताखेताचं काही नाही, हे तिलाही कळत होतं. कळलं म्हणून भीती थोडीच जाते! हरणं हाकलायला मोबाइलवर 'राखणदार' नावाचं फुकटचं ॲप आलं होतं. आपला आवाज भरायचा, फोन भोंग्याला जोडायचा, की दर दहा मिनिटांनी आरोळी. पण हरिबाला त्या डबड्यापुढं ओरडायची लाज वाटे. शेवटी, बायकोचा बांधावर डोळा लागलाय असं मनात आणून त्यानं रोजच्यासारखी हाक मारली. त्याआधी फोननं हातभर लांब काहीतरी लिहून दाखवलं होतं. खाली 'मान्य' होतं, त्यावर त्यानं बोट टेकवलं. फुकटचं म्हटल्यावर वाचतंय कोण!

तो गेल्यावर त्याचा नंबर बंद पडला आणि नागूबाईच्या शेतातला भोंगा मुका झाला. दुसऱ्यांचे भोंगे मात्र त्याच्याच आवाजात बोलू लागले.

पुतणी शिवकन्या हुमनाबादला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. ती सुट्टीला आली तशी नागूबाईनं हरिबाचा फोन तिच्यापुढं ठेवला. "लोकाच्या शेतात कामून ओरडायलाय त्यो? त्याला घरी आण गं."

शिवकन्या बराच वेळ वाचत बसली. मग हळूच म्हणाली, "काकू, ह्यात दोन परवाने हायत. ॲप वापरायचा परवाना कंपनीनं काकांला दिला. त्यो फक्त त्यांच्या नावचा. काका गेले की संपला, वारसाला मिळत न्हाई. अन् आवाजाचा परवाना काकांनी कंपनीला दिला. त्यो कायमचा. कुठंबी वाजवा, कुणालाबी द्या, पायजे तसा बदला. काकांलाबी त्यो परत घेता आला नसता."

"मी बायको हाय त्याची!"

"बायकोचं ह्यात कायबी लिव्हलं न्हाई, काकू."

नागूबाई भडकली. "मेल्या माणसाला राबवायलेत व्हय? मग माझं नाव तरी काढा म्हणावं. मी कुठं 'मान्य' केलंय?"

शिवकन्यानं तक्रार पाठवली. आठव्या दिवशी गोड भाषेत उत्तर आलं : आपल्या भावनांचा आदर करून नाव काढण्यात येत आहे. नागूबाईला वाटलं, आपण जिंकलो. नावच नसल्यावर ते हाक कशाची मारतील?

दोन दिवस शिवार गप्प होतं. त्या शांततेत तिला त्याची फार आठवण आली. उगीच तक्रार केली, असंही वाटून गेलं.

तिसऱ्या दुपारी ती बांधावर भाकरी सोडत होती, तोच बंडेप्पाच्या हरभऱ्यातून हरिबा बोलला. आवाज तोच. 'ऊठ गं' म्हणताना तो किंचित हसायचा, ते हसूही तेच.

"ए विजयश्री! ऊठ गं, हरणं शिरली बघ!"

विजयश्री म्हणजे बंडेप्पाची बायको. आता ज्यानं त्यानं आपापल्या बायकोचं नाव भरायची सोय झाली होती. ओढ्यापलीकडून हरिबानं तितक्याच मायेनं तिथल्या शेतकऱ्याच्या बायकोला, नागव्वाला उठवलं.

नागूबाई ताडकन उभी राहिली. "ओ, मी हितं हाय!" ती जीव तोडून ओरडली. "हिकडं बघा की!"

तिच्याकडं कुणी बघितलं नाही. पलीकडं बाभळीखाली झोपलेली विजयश्री दचकून उठून बसली, पदर सावरला, आणि भोंग्याकडं तोंड करून म्हणाली, "आले ओ, आले."