मिया मिया खलास

मला जाळी नाही, पाठीमागे फळी नाही, आणि आता खांबही नाही. तरीही मित्रांनो, मी बास्केटबॉलची रिंग आहे. राहते बहारीनमध्ये, पण बोलते मराठी, कारण मला घडवणारे हात मराठी होते.

ते हात यादवरावांचे. मूळचे अकोल्याकडचे, इथल्या हिद्द गावातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. जहाजाच्या कामातून उरलेली जाड सळई त्यांनी साहेबांना विचारून घेतली, तापवली, वाकवली, आणि मी नीट गोल होईना म्हणून मला वऱ्हाडीत भरपूर शिव्या घातल्या. माझं मराठीचं शिक्षण तिथेच झालं.

सलमानिया भागात मोठ्या इस्पितळाच्या मागे आमचा फरीज. फरीज म्हणजे इथला मोहल्ला. यादवराव आणि त्यांची बायको कांता तिथे दोन खोल्यांत राहत. गल्लीतली पोरं तळ नसलेला पत्र्याचा डबा भिंतीला टांगून त्यात चेंडू टाकत. यादवरावांना ते बघवलं नाही. त्यांनी खांब पुरला आणि मला दहा फुटांवर बसवलं.

माझं कौतुक झालं, हे सांगायला मला लाज कसली? माझ्याखाली खेळून तीन पोरं क्लबांत पगारी खेळाडू झाली. त्यातल्या खलीलचा फोटो पेपरात आला, तेव्हा लोक खांबावर थाप मारून जात. तेल-रंगाचं मात्र नाव कुणी काढलं नाही. खारट हवा माझ्या सांध्यांत शिरत राहिली. वर्षातून एकदा यादवराव तेवढे शिडी लावून मला बघायचे.

चौथा होता इद्रीस, एकोणीस वर्षांचा, जमीलाचा एकुलता एक. तिला सगळे उम्म इद्रीस म्हणत, म्हणजे इद्रीसची आई. नवरा गेल्यावर सम्बुसे, म्हणजे इथले समोसे, तळून विकत तिने पोराला वाढवलं होतं. दर रमजानात ती कांताकडे हरीसचं, म्हणजे गहू-मटणाच्या खिमटाचं, भांडं पाठवी, आणि कांता ते भांडं कधी रिकामं परत करत नसे. शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात खलीलच्या क्लबने इद्रीसला बोलावलं. शनिवारी सही व्हायची होती. उम्म इद्रीसने तळणाची कढई आता कायमची माळ्यावर टाकणार, असं गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी यादवराव ओव्हरटाइमला निघाले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझी करकर ऐकली होती. त्यांनी शिडी लावली, वर चढून माझा मागचा जोड बोटाने चाचपला. तडा गेला होता. पाना लावून पाहिला, पण नट गंजून बसले होते.

“संध्याकाळी मोठा पाना आनतो अन् उतरवतो तुले,” ते मला म्हणाले.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेल्या यंत्राला लाल फडकं बांधायची रीत आहे. फडकं त्यांच्या खिशातच होतं. इतक्यात कोपऱ्यावर कंपनीच्या बसने हॉर्न दिला आणि ते घाईघाईने उतरले. समोरून इद्रीस चेंडू घेऊन येत होता.

“रिंग खलास,” यादवराव म्हणाले.

“खलास? मिया मिया?” इद्रीसने विचारलं. मिया मिया म्हणजे शंभर टक्के.

“हां, मिया मिया खलास!” असं म्हणून ते बसकडे पळाले.

मित्रांनो, मराठीत खलास म्हणजे मेलं, कामातून गेलं. इथे अरबीत खलास म्हणजे झालं, काम पुरं झालं. नऊ वर्षं यादवराव तो शब्द इथल्याच अर्थाने वापरत होते. वेल्डिंग खलास, ड्युटी खलास. त्या घाईत मात्र तोंडातून गावचा अर्थ निसटला. आणि इद्रीसला काय दिसलं? पाना हातात घेऊन शिडीवरून उतरलेला माणूस. त्याने दुसरं काय समजायचं?

मला दोन्ही अर्थ कळत होते. पण माझं कोण ऐकणार?

पहिले दोन-चार चेंडू त्याने लांबून टाकले. मग धावत आला, उंच उडी मारून चेंडू वरून कोंबला आणि नेहमीसारखा दोन्ही हातांनी मला लोंबकळला. मी धरून ठेवायची शिकस्त केली. जोड सुटला. इद्रीस खाली आपटला आणि मी, सगळ्या वजनानिशी, त्याच्या गुडघ्यावर.

पोरगा चालेल, पण पुन्हा खेळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शनिवार आला आणि गेला.

यादवराव भेटायला गेले तेव्हा उम्म इद्रीस ओरडली नाही. “तू बोला खलास,” ती म्हणाली. “मिया मिया बोला.”

“उम्म इद्रीस, हमारा खलास...” यादवरावांनी सुरुवात केली आणि तिथेच थांबले. त्या प्लास्टरसमोर त्यांना दोन अर्थ सांगायची शरम वाटली. मलाही वाटली असती.

त्या रमजानात हरीस आलं नाही. कांता रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसे. उम्म इद्रीसची कढई मात्र चुलीवरच राहिली.

पुढे यादवरावांनी मला वर्कशॉपमध्ये नेऊन पुन्हा जोडलं. इतका सुबक जोड मला नवी असतानाही मिळाला नव्हता. त्यांनी मला गल्लीत आणून भिंतीला टेकवलं. इद्रीस कुबडी टेकत आला, वाकून त्याने जोडावरून बोट फिरवलं.

“यादव, खलास?” त्याने विचारलं.

यादवरावांना तो शब्द आता उच्चारवेना. त्यांनी खिशातून लाल फडकं काढलं आणि धडधाकट असलेल्या मला गाठीवर गाठ मारून बांधलं.

“ये क्या?” इद्रीस म्हणाला.

“इसका मतलब, मत खेलो.”

“ये पहले बांधने का था, यादव,” इद्रीस हळूच म्हणाला आणि कुबडी टेकत घरी गेला.

मला परत खांबावर कुणी चढवलं नाही. फडकं उन्हाने पांढरं पडलंय. मित्रांनो, तुमच्या मैदानातली रिंग किंवा झोपाळा करकरला, तर कान देऊन ऐका. मोठ्यांना सांगा, आणि समोरच्याला कळलं की नाही ते विचारल्याशिवाय पाय काढू नका. फडकं खिशात असेल तर ते आधी बांधा, मग बस पकडा.